रात्रीच्या कामाची रोजकीर्द
एअरफ्लोच्या नोंदी स्वतःच्या इलॅस्टिकसर्चमध्ये कशा ठेवाव्यात?

व्यापारात हिशोबाच्या वहीला किती महत्त्व आहे हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. माल कोणी दिला, कोणी घेतला, किती वाजता गाडी सुटली, हे वहीत असेल तरच वाद मिटतो. परंतु जी कामे आता माणसाऐवजी संगणक करू लागला आहे, त्यांची वही कोण लिहितो, ती कोठे राहते आणि गरजेच्या वेळी सापडते का, याचा विचार फारच थोड्या पेढ्यांत होतो.

समजा, एका घाऊक कापड व्यापाऱ्याची पाच दुकाने आहेत. रात्री दोन वाजता संगणक पाचही दुकानांची बिले गोळा करतो, ती तपासतो, शिल्लक मालाशी ताळा घालतो आणि सकाळी सात वाजता मालकाच्या हाती गोषवारा देतो. एके दिवशी गोषवारा येत नाही. मालक विचारतो, "रात्री काय झाले?" यंत्रणा सांभाळणारा तरुण पडदा उघडतो तर काम फसल्याची लाल खूण दिसते, पण का फसले ते सांगणारे पान कोरे असते. काम करणारा संगणक काम संपताच बंद झालेला असतो आणि त्याच्याबरोबर त्याची वहीही गेलेली असते. अशा वेळी तरुणाला अंदाजावर उत्तर द्यावे लागते, आणि अंदाजावर दिलेल्या उत्तराने मालकाचा विश्वास उडतो.

हा प्रसंग टाळण्याचा एक रुळलेला मार्ग या पाठात पाहू. कामे चालवणारे साधन म्हणून एअरफ्लो आणि नोंदी साठवणारे साधन म्हणून इलॅस्टिकसर्च, अशी जोडी आपण घेतली आहे.

दोन साधने, दोन कामे

एअरफ्लोची सुरुवात २०१४ साली एअरबीएनबी या कंपनीत मॅक्सिम बोशेमिन यांनी केली. २०१५ साली ते सर्वांसाठी खुले झाले, २०१६ साली अपाचे संस्थेच्या छत्राखाली आले आणि २०१९ च्या जानेवारीत त्या संस्थेचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प बनले. त्याचे काम मुकादमासारखे आहे. कोणते काम आधी, कोणते नंतर, एक फसले तर पुढचे थांबवायचे की नाही, पुन्हा किती वेळा प्रयत्न करायचा, हे सर्व पायथॉन भाषेत लिहून द्यायचे असते. अशा कामांच्या साखळीला डॅग म्हणतात आणि साखळीतील प्रत्येक कडीला टास्क.

इलॅस्टिकसर्च हे शाय बॅनन यांनी तयार केलेले शोधयंत्र. त्याची पहिली आवृत्ती २०१० साली आली. लाखो नोंदींतून हवी ती नोंद क्षणात काढून देणे हे त्याचे काम. ते आपल्या स्वतःच्या संगणकावर बसवता येते आणि नोंदी आपल्याच ताब्यात राहतात. त्याच्या परवान्यात बदल होत गेले आहेत. २०२१ साली मूळ खुला परवाना सोडण्यात आला, तेव्हा ॲमेझॉनने ओपनसर्च ही वेगळी शाखा काढली. पुढे २०२४ साली इलॅस्टिकसर्चने एजीपीएल हा खुला परवाना पर्याय म्हणून पुन्हा दिला. ही दोन्ही यंत्रे दिसायला सारखी असली तरी एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. इलॅस्टिकसर्चचे पायथॉन ग्राहक-सॉफ्टवेअर ७.१४ या आवृत्तीपासून समोर खरे इलॅस्टिकसर्च आहे की नाही हे तपासते आणि नसल्यास काम नाकारते. ओपनसर्च वापरणाऱ्यांनी एअरफ्लोचे ओपनसर्चसाठीचे वेगळे जोडपॅकेज घ्यावे.

नोंदी हरवतात कशा?

काहीही न बदलता एअरफ्लो बसवले तर प्रत्येक टास्कची नोंद, म्हणजे लॉग, ज्या संगणकावर ते काम चालले त्याच्याच डिस्कवर एका फाईलमध्ये लिहिली जाते. आपण पडद्यावर लॉग उघडतो तेव्हा एअरफ्लोचा वेबसर्व्हर त्या संगणकाकडे जाऊन ती फाईल मागतो. एकच संगणक असेल आणि तो कायम सुरू असेल तर हे पुरेसे आहे.

अडचण येते ती कामगार-संगणक अनेक झाले की. कुबरनेटीससारख्या व्यवस्थेत तर प्रत्येक टास्कसाठी एक तात्पुरता डबा उघडतो, काम संपले की तो मोडून टाकला जातो. रोजंदारीवरचा कामगार संध्याकाळी हिशोबाची चिठ्ठी खिशात घेऊनच घरी गेला तर दुसऱ्या दिवशी ती कोणाकडे मागणार? येथे तसेच होते. काम सुरळीत झाले असेल तर चिठ्ठीची आठवणही होत नाही. काम फसले असेल तेव्हाच ती हवी असते. म्हणून पहिला नियम असा की, जो काम करतो त्याच्याकडेच कामाची एकमेव नोंद राहू देऊ नये.

लिहिणारा, वाहणारा, वाचणारा

येथे नवशिक्यांचा हमखास एक गैरसमज होतो. इलॅस्टिकसर्चचा पत्ता एअरफ्लोला दिला की एअरफ्लो आपणहून नोंदी तेथे पाठवू लागेल असे त्यांना वाटते. तसे होत नाही. मूळ मांडणीत एअरफ्लो इलॅस्टिकसर्चमधून नोंदी फक्त वाचतो. लिहिलेल्या नोंदी तेथपर्यंत पोहोचवणे हे तिसऱ्याच कोणाचे तरी काम असते.

म्हणजे या व्यवस्थेत तीन भूमिका आहेत. टास्क चालवणारा कामगार-संगणक नोंद लिहितो. तो ती फाईलमध्ये किंवा थेट पडद्याच्या प्रवाहात सोडतो. फाईलबीट, फ्लुएंटडी किंवा लॉगस्टॅश यांपैकी एखादे साधन ती उचलून इलॅस्टिकसर्चमध्ये नेऊन टाकते. हा वाहक, टपालवाल्यासारखा. आणि वेबसर्व्हर तिसरा, जो आपण लॉगवर टिचकी मारली की इलॅस्टिकसर्चकडे चौकशी करून पान दाखवतो. एअरफ्लोच्या तिसऱ्या मालिकेत, जी २०२५ च्या एप्रिलमध्ये आली, वेबसर्व्हरची जागा एपीआय सर्व्हरने घेतली आहे, भूमिका तीच.

या तिघांची एकमेकांशी गाठ पडत नाही. लिहिणाऱ्याला वाचणारा माहीत नाही, वाचणाऱ्याला वाहक माहीत नाही. म्हणूनच बिघाड झाला की दोष कोणाचा ते चटकन कळत नाही. ही विभागणी ज्याच्या डोक्यात पक्की बसली त्याचे अर्धे काम झाले असे समजावे.

जोडपॅकेजच्या नव्या आवृत्त्यांत 'राइट टू ईएस' नावाची कळ आली आहे. ती चालू केली तर वाहकाशिवाय एअरफ्लो स्वतःच नोंदी पाठवतो. लहान यंत्रणेला ही सोय चांगली आहे. परंतु ती नोंदी टास्क संपल्यावर एकगठ्ठा पाठवते. काम अर्ध्यावर असताना संगणकच बंद पडला तर गठ्ठा मागेच राहतो. ज्या रात्रीच्या नोंदीची सर्वांत जास्त गरज, तीच अशा वेळी हरवण्याचा धोका असतो. म्हणून महत्त्वाच्या कामांसाठी वेगळा वाहक ठेवणे इष्ट.

एअरफ्लोच्या बाजूची मांडणी

पुढील तपशील एअरफ्लोच्या दुसऱ्या मालिकेला धरून आहेत. तिसऱ्या मालिकेत लॉग लिहिण्याची आतली रचना बदलली असल्याने तेथे मालिकेला जुळणारीच जोडपॅकेजची आवृत्ती घ्यावी आणि प्रत्येक कळ तपासून पाहावी.

प्रथम सर्व संगणकांवर इलॅस्टिकसर्चचे जोडपॅकेज बसवावे. नंतर एअरफ्लोच्या मांडणी-फाईलमध्ये 'लॉगिंग' या विभागात 'रिमोट लॉगिंग' ही कळ 'ट्रू' करावी. त्यानंतर 'इलॅस्टिकसर्च' या विभागात खालील कळा भराव्यात.

'होस्ट' : इलॅस्टिकसर्चचा पूर्ण पत्ता. सुरुवातीचे एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस आणि शेवटचा दरवाजा क्रमांक, जो सामान्यतः ९२०० असतो, दोन्ही लिहावेत. नाव व परवलीचा शब्द पत्त्यातच द्यायचा असेल आणि परवलीच्या शब्दात ॲट किंवा तिरक्या रेघेसारखी चिन्हे असतील तर ती सांकेतिक रूपात लिहावी लागतात, नाहीतर पत्ता मध्येच तुटतो. ही फाईल दहा जणांच्या हाताखालून जाणारी असेल तर पत्ता तिच्यात न लिहिता संगणकाच्या पर्यावरण-चलांतून द्यावा.

'जेसन फॉरमॅट' : ही 'ट्रू' करावी. त्यामुळे प्रत्येक ओळ मोकळ्या मजकुराऐवजी रकाने पाडलेल्या पावतीसारखी लिहिली जाते. वेळ, फाईल, ओळ क्रमांक, तीव्रता, मजकूर हे रकाने वेगवेगळे राहतात आणि ओळख क्रमांकही आपोआप जोडला जातो.

'राइट एसटीडीआउट' : कुबरनेटीसवर 'ट्रू', कारण तेथे वाहक डब्याचा पडद्यावरचा प्रवाह वाचतो. एकाच साध्या संगणकावर 'फॉल्स' ठेवून फाईलमधून वाचणे सोपे जाते.

'इंडेक्स पॅटर्न्स' : मूळ मूल्य 'सर्व' असे असते, म्हणजे चौकशी इलॅस्टिकसर्चमधील प्रत्येक वहीत होते. त्याऐवजी 'एअरफ्लो' या शब्दाने सुरू होणाऱ्या वह्यांपुरतीच ती मर्यादित करावी. शोध लवकर लागतो आणि परवानगीही तेवढ्यापुरतीच द्यावी लागते.

इलॅस्टिकसर्चच्या ८ व्या मालिकेपासून, म्हणजे २०२२ पासून, सुरक्षा व्यवस्था आणि सांकेतिक जोडणी मुळातच चालू असते. म्हणून प्रमाणपत्राच्या फाईलचा पत्ता 'इलॅस्टिकसर्च कॉन्फिग्स' या विभागात द्यावा. प्रमाणपत्र तपासणी बंद करून वेळ मारून नेण्याची सवय लावून घेऊ नये.

आणखी एक काळजी. इलॅस्टिकसर्चमध्ये दोन वेगळे वापरकर्ते करावेत. एअरफ्लोच्या वापरकर्त्याला फक्त वाचण्याची परवानगी द्यावी, वाहकाच्या वापरकर्त्याला फक्त नवी नोंद टाकण्याची. खोडण्याचा अधिकार दोघांनाही नको. हिशोब तपासणाऱ्याच्या हाती खोडरबर देत नाहीत, तसेच हे आहे.

ओळख क्रमांक : सर्व काही यावर अवलंबून

आता या पाठाचा गाभा. वेबसर्व्हरला हवी ती नोंद लाखो ओळींतून कशी सापडते? त्यासाठी प्रत्येक ओळीवर 'लॉग आयडी' नावाचा ओळख क्रमांक असतो. तो पाच भागांचा बनतो : डॅगचे नाव, टास्कचे नाव, त्या फेरीचा क्रमांक म्हणजे रन आयडी, मॅप इंडेक्स आणि कितवा प्रयत्न होता तो आकडा. हे पाच भाग आडव्या रेघेने जोडले जातात. मालाच्या गाठीवर जसा लॉट क्रमांक, गाठ क्रमांक आणि तारीख असते, तसाच हा प्रकार.

वाचणारा हा क्रमांक स्वतःच्या मांडणीवरून तयार करतो आणि इलॅस्टिकसर्चला विचारतो, "या क्रमांकाच्या ओळी दे." लिहिणाऱ्याने किंवा वाहकाने टाकलेला क्रमांक एका अक्षरानेही वेगळा असेल तर एकही ओळ मिळत नाही. नोंदी पोहोचलेल्या असतात, साठलेल्या असतात, पण पान कोरे राहते.

फरक पडतो तो बहुधा तीन कारणांनी. पहिले कारण जुन्या आवृत्तीवरून नव्यावर येणे. पूर्वी रन आयडीच्या जागी फेरीची तारीख असे आणि मॅप इंडेक्स नव्हता. २०२२ साली आलेल्या २.३ या आवृत्तीपर्यंत हा क्रम बदलला. वाहकाच्या मांडणीत कोणी हाताने जुना क्रम लिहून ठेवला असेल तर तो आपोआप बदलत नाही. एअरफ्लो मात्र २.३ पासून कोणत्या फेरीच्या वेळी कोणता क्रम होता हे आपल्या डेटाबेसमध्ये लक्षात ठेवतो, त्यामुळे पुढे क्रम बदलला तरी जुन्या फेऱ्यांचे लॉग जुन्या क्रमानेच शोधले जातात.

दुसरे कारण, वेगवेगळ्या संगणकांवर वेगवेगळी मांडणी-फाईल असणे. तिसरे कारण, जेसन फॉरमॅट बंद ठेवून वाहकाकडून मजकुरातून क्रमांक बनवून घेणे. जेसन चालू ठेवले तर लिहिणारा आणि वाचणारा एकाच साच्यातून क्रमांक काढतात आणि हा प्रश्नच उरत नाही.

उलट प्रकारचा घोळही होऊ शकतो, म्हणजे दुसऱ्याच कामाच्या ओळी आपल्या पानात येणे. एअरफ्लो लॉग आयडी शोधताना शब्दसमूहाचा शोध घेतो. इलॅस्टिकसर्चमध्ये तो रकाना साध्या मजकुराच्या प्रकाराचा असेल तर आडव्या रेघेवर शब्द तुटतात. मग 'विक्री' नावाच्या डॅगची चौकशी केली असता 'घाऊक-विक्री' नावाच्या डॅगच्या ओळीही जुळू शकतात, कारण टास्क, फेरी आणि प्रयत्न सारखे असले तर लहान क्रमांक मोठ्याच्या पोटात बसतो. यावर उपाय म्हणजे वही तयार करतानाच लॉग आयडीचा रकाना 'कीवर्ड' प्रकारचा ठेवावा. मग तो अखंड आणि अचूकच जुळतो.

वाहकाची मांडणी

फाईलबीट हे वाहकांपैकी हलके साधन. त्याला लॉगच्या फाईली कोठे आहेत ते सांगावे आणि प्रत्येक ओळ जेसन म्हणून उलगडून रकाने सर्वांत वरच्या पातळीवर ठेवण्यास सांगावे. रकाने आत दडपले गेले तर लॉग आयडीचे नाव बदलते आणि वाचणाऱ्याला ते सापडत नाही. वहीचे नाव बदलायचे असेल तर साच्याचे नाव आणि साच्याचा नमुनाही बदलावा लागतो, अन्यथा फाईलबीट सुरूच होत नाही.

फाईलबीट संगणकाचे नाव 'होस्ट' या रकान्याच्या आत 'नेम' या उपरकान्यात लिहितो. म्हणून एअरफ्लोच्या 'होस्ट फील्ड' या कळीत 'होस्ट डॉट नेम' असे लिहावे. हे राहून गेले तर पानावर ओळी संगणकांनुसार नीट वेगळ्या होत नाहीत.

कोणत्या फाईलमध्ये कोठपर्यंत वाचले याची खूण फाईलबीट स्वतःकडे ठेवतो. इलॅस्टिकसर्च तासभर बंद राहिले तरी नंतर तो तेथूनच पुढे सुरू करतो. त्याचे वचन 'निदान एकदा तरी पोहोचवीन' असे आहे, 'एकदाच पोहोचवीन' असे नाही. म्हणून बिघाडानंतर एखादी ओळ दोनदा दिसली तर काम दोनदा झाले असा निष्कर्ष काढू नये. तसेच ही खूण ज्या डिस्कवर आहे ती तात्पुरती नसावी.

क्रम आणि शेवटची खूण

ओळी कोणत्या क्रमाने दाखवायच्या हे 'ऑफसेट' या रकान्यावरून ठरते. एअरफ्लो प्रत्येक ओळीवर वेळेवरून काढलेला वाढता आकडा टाकतो. हा रकाना आकड्याच्याच प्रकारचा असला पाहिजे. तो अक्षरांचा समजला गेला तर नऊच्या आधी दहा येतो आणि 'पैसे जमा झाले' ही ओळ 'जोडणी सुरू' या ओळीच्या आधी दिसते. फसलेल्या कामाचा शोध घेताना उलटा क्रम हा कोऱ्या पानापेक्षाही घातक, कारण तो चुकीच्या निष्कर्षावर नेतो.

काम संपले की एअरफ्लो 'एंड ऑफ लॉग' अशी शेवटची खूण लिहितो. ती वाचली की वेबसर्व्हर आणखी ओळी मागणे थांबवतो. वाहकाच्या एखाद्या गाळणीने ती ओळ निरुपयोगी समजून टाकून दिली तर काम संपूनही पान बराच वेळ फिरत राहते. अशी गाळणी लावू नये.

साडेपाच तासांचा फरक

एअरफ्लोची मूळ घड्याळे जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. मध्यरात्री बारा वाजता काम सुरू करा असे लिहून दिले आणि वेळविभाग सांगितला नाही तर ते आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होते. म्हणून 'डिफॉल्ट टाइमझोन' या कळीत आशिया-कोलकाता हा विभाग द्यावा.

नोंदींच्या बाबतीत मात्र साठवण जागतिक वेळेतच राहू द्यावी आणि दाखवताना भारतीय वेळ दाखवावी. आपल्याकडे पाच तारखेच्या पहाटे दोन वाजता झालेले काम जागतिक वेळेत चार तारखेच्या रात्री साडेआठचे असते. रोज नवी वही उघडत असेल तर ही नोंद चार तारखेच्या वहीत सापडेल. हे ठाऊक नसलेला माणूस पाच तारखेची वही चाळून 'नोंदच नाही' असे सांगतो.

किती दिवस ठेवायचे?

नोंदी कायम ठेवता येत नाहीत आणि लवकर पुसताही येत नाहीत. भारतात या बाबतीत एक ठोस आकडा आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी आपल्या संगणक यंत्रणांचे लॉग सरकत्या १८० दिवसांसाठी सुरक्षित ठेवायचे आहेत आणि ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. आपली पेढी या कक्षेत येते का, हे सल्लागाराला विचारून घ्यावे. कक्षेत येत नसली तरी सहा महिन्यांची मुदत व्यवहाराला सोयीची आहे. मुदत संपलेल्या वह्या आपोआप काढून टाकण्याची सोय इलॅस्टिकसर्चमध्ये आहे. ती पहिल्या दिवसापासूनच लावावी.

ती न लावल्यास काय होते? मूळ मांडणीत डिस्क ८५ टक्के भरली की इलॅस्टिकसर्च तेथे वहीचे नवे भाग ठेवणे थांबवते, ९० टक्क्यांना असलेले भाग दुसरीकडे हलवू पाहते आणि ९५ टक्क्यांना वह्यांना कुलूप लावते. मग नवी ओळ लिहिली जात नाही. एअरफ्लोची कामे मात्र चालूच राहतात, कारण लिहिणाऱ्याला साठवण भरल्याचे कळतच नाही. बाहेरून सारे ठीक दिसते आणि वही मात्र बंद पडलेली असते. म्हणून डिस्क ८० टक्के भरताच सूचना येईल अशी व्यवस्था हवी.

एकाच संगणकावर इलॅस्टिकसर्च असेल तर प्रत्येक वहीची दुसरी प्रत ठेवायला जागा नसते आणि प्रकृतीचा दिवा पिवळा राहतो. तो हिरवा करण्यासाठी प्रतींची संख्या शून्य करता येते, पण मग डिस्क गेली की नोंदी गेल्या. अशा वेळी रोजची साठवण-प्रत दुसऱ्या ठिकाणी काढावी.

ग्राहकाची माहिती वहीत नको

सर्व नोंदी एका ठिकाणी आल्या की त्या वाचणेही सोपे होते, आणि हे दुधारी आहे. एअरफ्लो आपल्या जोडण्यांचे परवलीचे शब्द २.१ या आवृत्तीपासून लॉगमध्ये ताऱ्यांनी झाकतो. परंतु आपणच लिहिलेल्या कार्यक्रमाने ग्राहकाचे नाव, मोबाईल क्रमांक किंवा बँक खाते छापले तर ते झाकले जात नाही. पूर्वी ही चूक एका फाईलपुरती राहत असे. आता ती सहा महिने शोधण्याजोगी राहते. संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत केला आहे, त्यामुळे हा केवळ सभ्यतेचा प्रश्न उरलेला नाही. लॉगमध्ये ग्राहकाऐवजी बिल क्रमांक आणि ओळींची संख्या छापावी. "दुकान ३, बिले २१२, वगळली ४" एवढे शोधाला पुरते.

कोरे पान दिसल्यास

सर्व जोडल्यावरही पहिल्या दिवशी कोरे पान दिसणे शक्य आहे. त्या वेळी एअरफ्लो एक संदेश देतो. त्याचा आशय असा की, अमुक लॉग इलॅस्टिकसर्चमध्ये सापडला नाही. काम नुकतेच सुरू झाले असल्यास थोडे थांबा, अन्यथा नोंदी काढून टाकल्या गेल्या असाव्यात. या संदेशात शोधलेला लॉग आयडी दिलेला असतो. तो उतरवून घ्यावा आणि इलॅस्टिकसर्चच्या किबाना या पडद्यावर शोधावा.

तो तेथे जसाच्या तसा मिळाला तर नोंद पोहोचली आहे. दोष वाचणाऱ्याच्या पत्त्यात, परवानगीत किंवा इंडेक्स पॅटर्नमध्ये आहे. त्या टास्कच्या ओळी मिळाल्या पण क्रमांक वेगळा असेल तर साचा जुळत नाही. काहीच मिळाले नाही तर वाहकाकडे जावे. आणि कामगार-संगणकावरच ओळ लिहिलेली नसेल तर लिहिणाऱ्याची मांडणी तपासावी. वाचणाऱ्याकडून लिहिणाऱ्याकडे असे एक एक पाऊल मागे गेले की दोष सापडतो.

खऱ्या कामावर सोपवण्यापूर्वी एक छोटा चाचणी डॅग करावा. त्यात एक टास्क एक ते शंभर आकडे छापेल; त्यावरून क्रम कळतो. दुसरे पहिल्या प्रयत्नात मुद्दाम फसेल आणि दुसऱ्यात जमेल. त्यावरून दोन प्रयत्नांची पाने वेगळी राहतात का ते कळते. तिसरे दहा मिनिटे चालेल. ते चालू असताना तो डबा बाहेरून मारून टाकावा आणि मरण्यापूर्वीच्या ओळी पडद्यावर दिसतात का ते पाहावे. ही तिसरी चाचणी उत्तीर्ण झाली तरच पाठाच्या सुरुवातीचा प्रश्न सुटला असे समजावे.

हे सर्वांना हवे का?

नाही. एकच संगणक, दहा-पंधरा टास्क आणि सांभाळणारा एकच माणूस असेल तर फाईलमधील लॉग आणि त्यांची रोजची प्रत एवढे पुरे. इलॅस्टिकसर्चला स्मरणशक्ती भरपूर लागते. संगणकाच्या स्मरणशक्तीचा अर्ध्यापर्यंतचा भाग त्याच्या कार्यक्रमाला देऊन उरलेली फाईलींसाठी मोकळी ठेवावी असा संकेत आहे. आवृत्त्या बदलणे, डिस्क पाहणे, प्रमाणपत्रे नवी करणे ही कामे मागे लागतात. परंतु कामगार-संगणक एकाहून अधिक झाले, काम तात्पुरत्या डब्यांत चालू लागले किंवा दुसऱ्याच्या धंद्याची जबाबदारी आपण घेतली, तर हा खर्च टाळू नये. जे तरुण लहान व्यापाऱ्यांची संगणकाची कामे कंत्राटाने घेतात त्यांनी दर ठरवतानाच नोंदी ठेवण्याचा खर्च धरावा आणि किती दिवस ठेवणार ते करारात लिहावे.

उजळणीसाठी प्रश्न

१. लिहिणारा, वाहणारा आणि वाचणारा यांपैकी आपल्या यंत्रणेत प्रत्येक भूमिका कोणते सॉफ्टवेअर करते?
२. लॉग आयडीचे पाच भाग कोणते? ते आपल्या सर्व संगणकांवर एकसारखे आहेत का?
३. पहाटे साडेतीन वाजता झालेल्या कामाची नोंद कोणत्या तारखेच्या वहीत सापडेल?
४. डिस्क ९५ टक्के भरली तर आपल्याला कोण सांगेल?
५. आपल्या लॉगमध्ये एखाद्या ग्राहकाचा मोबाईल क्रमांक आहे का? किबानात शोधून पाहावे.